दुभाष्याचा खर्च कोणी सोसावा?

परदेशी काही काळ राहून आलेल्या माणसाला आपल्याकडे जे प्रश्न हमखास विचारले जातात, त्यांत एक औषधोपचारांविषयीचा असतो. ‘तिकडे आजारी पडणे फारच महाग पडत असेल, नाही?’ प्रश्न स्वाभाविक आहे. पगारावर जगणाऱ्या आपल्या मध्यमवर्गाला दुखण्याची धास्ती फार असते, कारण एका शस्त्रक्रियेत भविष्यनिर्वाह निधीतील अनेक वर्षांची शिल्लक कशी जाते हे प्रत्येकाने स्वतःच्या घरात किंवा शेजारी पाहिलेले असते. परंतु या प्रश्नात एक गृहीतकृत्य दडलेले आहे. पैशाची सोय झाली म्हणजे उपचाराची सोय झाली, असे आपण मानून चालतो. आमची अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तकेही बहुधा तसेच मानतात.

हे गृहीतकृत्य कितपत टिकते हे तपासून पाहण्यास परक्या देशातील, परक्या भाषेतील, एखादा साधा वस्तीतला दवाखाना ही चांगली जागा आहे. आणि तो दवाखाना स्त्रीरोगांचा असेल तर अधिकच चांगली. पडसे, खोकला, मुरगळलेला पाय ही दुखणी खाणाखुणांनी सांगता येतात. पाळीच्या तक्रारी, गर्भधारणेविषयीची शंका किंवा शरीरसंबंधातील वेदना खुणांनी सांगता येत नाहीत. किंबहुना आपल्या स्वतःच्या भाषेतही त्या सांगण्याची सवय पुष्कळ स्त्रियांना नसते.

प्रस्तुत लेखिका २०२३ साली यजमानांच्या नोकरीनिमित्ताने टोकियोच्या पूर्व भागात वास्तव्यास होती. या भागातील निशी-कासाई आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांत भारतीय कुटुंबे बरीच आहेत. २००० सालच्या सुमारास संगणकांतील वर्षांकाच्या प्रश्नावर काम करण्यासाठी जे अभियंते तेथे गेले, त्यांच्यापासून ही वस्ती वाढत गेली. तीत मराठी मंडळीही आहेत. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक हे २०१९ साली त्याच एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडूनही आले. २०२४ अखेर जपानमधील परकीय रहिवाशांची संख्या साडेसदतीस लाखांवर गेली होती आणि त्यांत भारतीय पन्नास हजारांहून अधिक होते. तेव्हा येथे जे लिहावयाचे आहे ते एखाद्या प्रवाशाच्या अडचणीविषयी नाही. परक्या भाषेत संसार मांडून राहणाऱ्या लक्षावधी स्त्रियांच्या नित्याच्या व्यवहाराविषयी ते आहे.

दराची निश्चिंती

प्रथम त्या व्यवस्थेचे श्रेय तिला दिले पाहिजे. जपानने १९६१ साली आपल्या सर्व नागरिकांना आरोग्यविम्याच्या कक्षेत आणले. नोकरदार आपापल्या कामाच्या ठिकाणच्या विमा योजनेत आणि बाकीचे स्थानिक संस्थांमार्फत चालणाऱ्या राष्ट्रीय आरोग्यविम्यात, अशी त्याची ढोबळ विभागणी आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ राहण्याची परवानगी असलेल्या परकीयांनाही २०१२ पासून त्यात सामील व्हावे लागते. बहुतेक वयोगटांतील रुग्ण बिलाच्या ३० टक्के रक्कम भरतो आणि उरलेली विमा संस्था भरते. खर्च एका महिन्यात ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर वरचा भार रुग्णावर पडू नये, अशी योजना १९७३ पासून आहे. बाळंतपण मात्र आजार मानले जात नसल्यामुळे सर्वसाधारण प्रसूतीचा खर्च विम्यात येत नाही; त्याऐवजी एकरकमी अनुदान मिळते, आणि ते एप्रिल २०२३ पासून पाच लाख येन करण्यात आले.

याहूनही महत्त्वाची गोष्ट दरपत्रकाची आहे. प्रत्येक तपासणीला, प्रत्येक चाचणीला सरकारने गुण ठरवून दिलेले आहेत. एक गुण म्हणजे दहा येन. २०२३ साली पहिल्या भेटीच्या तपासणीला २८८ गुण होते, म्हणजे २८८० येन; त्यांतील रुग्णाचा वाटा ८६० येनांच्या आसपास. २०२४ च्या दरपालटात ते २९१ झाले. तपासणी होक्काइदोत झाली काय, ओकिनावात झाली काय किंवा टोकियोच्या एखाद्या गल्लीत झाली काय, गुण तेच राहतात. रुग्णाच्या हाती जी पावती पडते तीत प्रत्येक बाब गुणांसह छापलेली असते. अक्षरे वाचता आली नाहीत तरी आकडे वाचता येतातच.

भाषा न येणाऱ्या माणसाला या व्यवस्थेचे मोल किती, हे स्वतः त्या जागी उभे राहिल्यावाचून कळत नाही. परक्या शहरात रिक्षात बसताना, भाजी घेताना, घर भाड्याने घेताना भाषा न येणारा माणूस नाडला जातो, कारण त्याला घासाघीस करता येत नाही. दवाखान्यात घासाघीस करण्याचे कारणच उरले नाही तर त्याचे अर्धे भय जाते. ठरावीक दर म्हणजे दोष नसलेली व्यवस्था असे अर्थात नाही. प्रत्येक चाचणीमागे गुण मिळत असतील तर चाचण्या वाढविण्याकडे डॉक्टरचा कल होऊ शकतो, आणि ही टीका जपानमध्येही होत आली आहे. तरीसुद्धा, ‘आपल्याकडून अधिक पैसे तर काढले जात नाहीत ना’ ही शंका मनात न घेता दवाखान्याची पायरी चढता येणे, हे लहान सुख नाही.

पडद्याअलीकडची बाई

मी ज्या दवाखान्यात गेले तो रेल्वे स्थानकापासून पाच मिनिटांच्या अंतरावर होता. खाली औषधांचे दुकान, वर दवाखाना. दारात जोडे काढून सपाता घालावयाच्या. माझे जपानी बाजारहाटापुरते होते: आकडे, दिशा, ‘हे नको, ते द्या’. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पाळीत अतिरिक्त रक्तस्राव होऊ लागला आणि तो तीन महिने थांबेना, म्हणून मी तेथे गेले होते.

प्रथम हाती आला तो ‘मोन्शिन्ह्यो’, म्हणजे प्रश्नावलीचा कागद. जन्मतारीख लिहावयाची तीही जपानी सम्राटांच्या कालगणनेने. माझे १९८० साल हे शोवा ५५ होते, एवढे मी घरून शिकून आले होते. पुढे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, पाळीचे अंतर, विवाह, गर्भधारणा किती, बाळंतपणे किती, गर्भपात किती, शरीरसंबंधांचा पूर्वानुभव आहे किंवा नाही. दूरध्वनीयंत्राच्या कॅमेऱ्याखाली कागद धरला की अक्षरांच्या जागी इंग्रजी शब्द तरंगू लागत, हात हलला की बदलत. प्रतीक्षागृहातील इतर स्त्रियांच्या शेजारी बसून गर्भपातांचा रकाना यंत्राकडून वाचून घेणे हा अनुभव काही फारसा सुखद नव्हता. पण कागद उत्तम होता. आपल्याकडे डॉक्टर घाईघाईने तोंडी विचारतात आणि निम्मे विचारावयाचे राहून जाते. येथे प्रत्येक प्रश्नाला आपली चौकट होती.

तपासणीची खोली वेगळी. तेथे खुर्ची असते; बाई बसली की ती खुर्ची आपोआप फिरते, मागे कलते, आणि कमरेच्या वर एक पडदा ओढलेला असतो. डॉक्टर पडद्याच्या पलीकडे. जपानमध्ये ही पद्धत सर्रास आहे आणि तिच्यामागील हेतू चांगला आहे: बाईला संकोच वाटू नये, डॉक्टरच्या नजरेला नजर द्यावी लागू नये. जिला भाषा येते तिला पडद्यापलीकडून शब्द ऐकू येतात. ‘आता थोडे गार लागेल, आता थोडे दुखेल.’ जिला भाषा येत नाही तिच्यापाशी समोरच्याचा चेहरा वाचणे एवढेच साधन उरलेले असते, आणि पडदा नेमके तेच काढून घेतो. संकोच वाचविण्यासाठी केलेली सोय भाषेवाचून कशी उलटते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. पडदा बाजूला सारण्यास सांगता येते, हे मला नंतर कळले. पण सांगण्यासाठीही भाषाच लागते.

डॉक्टरबाई चाळिशी ओलांडलेल्या, अबोल आणि काटेकोर होत्या. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्नच अडला. जपानी भाषेत वेदनेसाठी नादानुकारी शब्दांची मोठी रांग आहे. ठणकत असेल तर ‘झुकि-झुकि’, पोटात बारीक सतत दुखत असेल तर ‘शिकु-शिकु’, तीव्र कळ येत असेल तर ‘किरि-किरि’. डॉक्टर या शब्दांवरून पुष्कळ काही ताडतात. यंत्राने त्या सर्वांचे भाषांतर एकाच इंग्रजी शब्दात करून टाकले, आणि मी उत्तर दिले तेही त्याच सपाट शब्दात. वस्तुतः माझी भाषा या बाबतीत काही दरिद्री नाही. कळ येणे, ठणका लागणे, चमक निघणे, पोटात मुरडणे, ओटीपोटात ओढ लागणे, कंबर भरून येणे: मराठी बाई या शब्दांतील भेद विचार न करता पाळते. दोन समृद्ध भाषांमधला व्यवहार एका यंत्राच्या चिंचोळ्या नळीतून चालला होता.

पुढे ‘दाइजोबु’ हा शब्द आला. ‘ठीक आहे’, ‘चालेल’, ‘नको’, ‘काळजी नाही’ असे त्याचे अनेक अर्थ होतात आणि ते प्रसंगावरून ओळखावयाचे असतात. अखेरीस ‘योसु ओ मिमाशो’, म्हणजे ‘काय होते ते पाहू या’. हे आश्वासन होते, की आजाराचे स्वरूप अद्याप निश्चित झालेले नाही अशी सूचना होती? आपल्या डॉक्टरांच्या तोंडून हेच वाक्य ऐकले असते तर स्वरावरून उलगडा झाला असता. डॉक्टरबाईंनाही अडचण कळली असावी. त्यांनी कागद घेऊन गर्भाशयाची आकृती काढली, तिच्या भिंतीत एक लहान वर्तुळ काढले, शेजारी ‘३ सेंटीमीटर’ लिहिले, आणि ‘मायोमा’ हा शब्द उच्चारला. जपानी वैद्यक मेइजी काळात जर्मनांकडून शिकले गेले. रुग्णाच्या टिपणाला ते आजही ‘कारुते’ म्हणतात, तो जर्मन शब्दच आहे, जसा आपला ‘केसपेपर’ इंग्रजी. त्या जर्मन वळणाच्या शब्दामुळे मला माझ्या गाठीचे नाव कळले. आजार साधा होता आणि त्याचा बंदोबस्तही झाला. व्यवस्थेने आपल्या परीने काम चोख केले, हे मी कृतज्ञतेने नोंदविते.

परंतु निघताना स्वागतकक्षातील बाईने यंत्रावर एक वाक्य लिहून माझ्यापुढे धरले. पुढील खेपेस जपानी बोलता येणारी व्यक्ती बरोबर आणावी, असे ते वाक्य होते. माझ्या मते सर्व प्रश्नाचे मूळ या साध्या सूचनेत आहे.

बरोबर कोणाला आणावे?

परक्या देशातील बाईने बरोबर आणावयाचे म्हणजे कोणाला? तिच्या घरात भाषा येते ती बहुधा नवऱ्याला, कारण तो तेथे नोकरी करतो. किंवा मुलांना, कारण ती तेथल्या शाळेत जातात आणि सहा महिन्यांत आईबापांच्या पुढे जातात. तिसरा पर्याय म्हणजे नवऱ्याच्या कचेरीतील एखादी सहकारी. यांपैकी कोणापुढेही बाईला सर्व काही बोलता येईल का, हे वाचकांनी स्वतःशीच ठरवावे. नवऱ्याच्या वागण्यामुळेच दुखणे उद्भवले असेल तर त्याचे वर्णन नवऱ्याच्या तोंडून डॉक्टरपर्यंत कसे पोहोचणार? लग्नापूर्वीचा गर्भपात, नको असलेली गर्भधारणा, नकळत घेतलेली गोळी, मारहाण: प्रश्नावलीतील ज्या चौकटींसाठी एवढी काटेकोर व्यवस्था उभी केली, त्या चौकटी अशा वेळी रिकाम्या राहतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आईच्या रक्तस्रावाचे भाषांतर करावयास लावणे, हा तर त्या मुलावरही अन्याय आहे.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ सालच्या आपल्या गाजलेल्या निबंधात असे दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. डॉक्टरला जे ठाऊक असते ते रुग्णाला नसते, आणि हे अंतर विश्वासाने व त्या विश्वासाला आधार देणाऱ्या संस्थांनी भरून काढावे लागते. परवाने, नीतिनियम, ठरावीक दर ही त्याची साधने होत. जपानने ती उत्तम रीतीने उभारली आहेत. परंतु या अंतराला दुसरीही बाजू आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. रुग्णाला जे ठाऊक असते ते डॉक्टरला नसते. दुखणे केव्हा सुरू झाले, कशाने वाढते, त्याआधी काय घडले, हे ज्ञान एकट्या बाईपाशी असते. स्त्रीरोगांत तर निदानाचा मोठा भाग त्यावर अवलंबून असतो. ते ज्ञान डॉक्टरपर्यंत पोहोचविण्याचे साधन भाषा. ते साधन मध्येच तुटले तर विम्याने भरलेले ७० टक्केही काही अंशी वाया जातात.

असे असता दुभाष्याचे स्थान त्या सुव्यवस्थित दरपत्रकात कोठे आहे? ते तेथे नाहीच. विम्याखालील उपचारांशी थेट संबंध नसलेल्या, आणि म्हणून रुग्णाकडून वेगळे पैसे घेण्यास हरकत नसलेल्या सेवांची एक यादी तेथील आरोग्य मंत्रालयाने दिलेली आहे. तीत लंगोटांचा खर्च आहे, दूरचित्रवाणीचे भाडे आहे, केशकर्तन आहे, आणि जपानी न समजणाऱ्या रुग्णासाठी दुभाष्याचे शुल्कही आहे. दुभाषी आणि दूरचित्रवाणी एकाच यादीत! ज्या देशाने १९९७ साली आपल्या वैद्यकीय सेवा कायद्यात, रुग्णाला योग्य ते स्पष्टीकरण देऊन त्याची समजूत मिळविण्याचा प्रयत्न डॉक्टरांनी केला पाहिजे असे कलम घातले, त्याच देशात ते स्पष्टीकरण समजणे ही उपचाराबाहेरची बाब ठरते, ही विसंगती आहे.

ही पोकळी भरून काढण्याचे काम तेथे सेवाभावी संस्थांनी अंगावर घेतले आहे. आम्दा या वैद्यकीय साहाय्य संस्थेच्या परिवारातील आंतरराष्ट्रीय वैद्यकीय माहिती केंद्र १९९१ पासून दूरध्वनीवरून परकीयांना साहाय्य देत आले आहे. कानागावा प्रांतातील संस्थांनी अनेक भाषांत रुग्णप्रश्नावल्या तयार केल्या आहेत आणि त्यांत स्त्रीरोगांसाठी स्वतंत्र प्रश्नावली आहे. ही कामे स्तुत्य आहेत. पण दरपत्रक जसे प्रत्येक गल्लीपर्यंत पोहोचते तशी सेवा पोहोचत नाही. याउलट ऑस्ट्रेलियाने १९७३ सालीच सरकारी दूरध्वनी-दुभाषी सेवा सुरू केली. खासगी डॉक्टरही तिचा लाभ घेऊ शकतात. तेव्हा हे काम अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

शिवाय भाषा आणि अधिकार या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. जपानच्या कायद्यानुसार विवाहित स्त्रीला गर्भपातासाठी, काही अपवाद वगळता, पतीचीही संमती लागते. १९४८ च्या कायद्यातील ही अट १९९६ साली त्याला नवे रूप देतानाही कायम राहिली. म्हणजे जो दुभाषी तोच संमती देणारा. आणि जी विवाहित नाही, मजूर म्हणून आली आहे, तिची गोष्ट आणखी निराळी. कुमामोतो प्रांतात संत्र्याच्या बागेत प्रशिक्षणार्थी म्हणून राबणाऱ्या एका व्हिएतनामी तरुणीने नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या खोलीत एकटीने दोन मृत बालकांना जन्म दिला. गर्भार असल्याचे कळले तर आपल्याला मायदेशी परत पाठवितील, या भीतीने तिने ते कोणाला सांगितले नव्हते. मृतदेह टाकून दिल्याचा आरोप तिच्यावर ठेवण्यात आला आणि दोन न्यायालयांनी तिला दोषी धरले. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडले. या घटनेचे खापर केवळ भाषेवर फोडणे बरोबर होणार नाही. भीती नोकरीची होती. परंतु अशा मुलीला दवाखान्यात न्यावयाचे झाले तर तिच्याबरोबर दुभाषी म्हणून येणारा माणूस अनेकदा मालकाचा किंवा देखरेख करणाऱ्या संस्थेचाच असतो. त्याच्या देखत ती काय बोलणार?

आपल्या भाषेतील परकेपणा

वाचक म्हणतील, हे सर्व परमुलुखातले. आपल्याकडे डॉक्टरही मराठी आणि बाईही मराठी. प्रश्न इतका सोपा असता तर बरे झाले असते. गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची पाहणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. त्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. या बायकांना भाषा येत नव्हती असे नव्हे. पण दवाखान्यात बोलावयाची भाषा त्यांच्यापाशी नव्हती आणि त्यांची भाषा दवाखान्यापाशी नव्हती. ‘कावळा शिवला’, ‘अडचण आली’, ‘अंगावरून जाते’ असे म्हणत आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोष्टी आडून बोलत आलो, त्या एकदम सरळ शब्दांत सांगा असे म्हटल्याने बाई बोलू लागत नाही. जपानी स्त्रियाही पाळीला ‘सेइरी’, म्हणजे नुसती ‘शरीरक्रिया’, असे म्हणून वेळ मारून नेतात. आडपडदा सर्वत्र आहे.

शब्दांचे परिणाम किती दूरवर जातात याचेही एक उदाहरण देण्यासारखे आहे. जपानी लिपीत गर्भाशय हा शब्द ‘मूल’ आणि ‘राजगृह’ या दोन अक्षरांनी लिहितात. आपल्या बोलीत त्याला ‘पिशवी’ म्हणतात. पिशवीला गाठ आहे, पिशवी खराब झाली आहे, पिशवी काढून टाका. निरुपयोगी झालेली पिशवी टाकून देण्यात कोणाला काय वाटणार? बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, तेव्हा शासनाच्या समितीने ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी केली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. तेथे डॉक्टर आणि बाई एकच भाषा बोलत होती. पण दरांचे बंधन नव्हते, दुसरे मत घेण्याची ऐपत नव्हती, पाळीमुळे बुडणाऱ्या खाड्याची धास्ती होती, आणि ‘पिशवी’ या शब्दाने पुढचे स्पष्टीकरण अनावश्यक करून टाकले होते. मला टोकियोत एकही वाक्य पुरते न समजता जी आकृती काढून दाखविली गेली, ती यांतील किती जणींना काढून दाखविली असेल?

कायद्याच्या बाबतीत मात्र आपण मागासलेले नाही. १९७१ च्या आपल्या गर्भपातविषयक कायद्याने सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरेशी मानली. पतीच्या सहीची अट त्यात नाही. २००८ सालच्या एका निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याहून स्पष्ट भूमिका घेतली. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीचे गर्भाशय, तिच्या आईची संमती घेऊन, ती शुद्धीवर येण्यापूर्वीच काढण्यात आले होते. ही संमती वैध नव्हे आणि खऱ्या संमतीसाठी रुग्णाला पुरेशी माहिती मिळालेली असली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. तरीही आपल्या अनेक रुग्णालयांत ‘नवऱ्याला बोलावून आणा, सही हवी’ असे आजही सांगितले जाते, आणि ज्या कागदावर सही घ्यावयाची तो पुष्कळदा इंग्रजीत असतो. मेळघाटातील कोरकू बोलणारी, गडचिरोलीतील गोंडी बोलणारी, सातपुड्यातील भिलीच्या बोली बोलणारी स्त्री जेव्हा जिल्ह्याच्या रुग्णालयात येते, तेव्हा ती आपल्याच राज्यात परदेशात आलेली असते. इमारतींच्या कामांवर आलेल्या ओडिशा-झारखंडच्या मजूर स्त्रियांची स्थितीही याहून निराळी नाही. त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून मुकादम असतो.

तर मग करावे काय? खर्चाचा प्रश्न पुढे करून हा विषय बाजूला सारणे सोपे आहे. परंतु दुभाष्याचा खर्च टाळता येत नाही. तो कोणी ना कोणी सोसतच असतो. सरकारने सोसला नाही तर दवाखाना सोसतो. दवाखान्याने सोसला नाही तर ती बाई सोसते. कधी पैशाने, पुष्कळदा आपली अर्धी गोष्ट मनात ठेवून, आणि मग चुकलेल्या निदानाने. या शेवटच्या खर्चाची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही, म्हणून तो नाहीच असे आपल्याला वाटते. ज्या समाजाला विम्याचे तत्त्व मान्य आहे, म्हणजे एकाचे दुखणे सर्वांनी मिळून सोसावे हे मान्य आहे, त्याला हा खर्चही वाटून घेणे अवघड वाटू नये. रक्ततपासणीला जसे दरपत्रकात स्थान आहे तसे दुभाष्यालाही असावे, एवढीच ही मागणी आहे.

काही गोष्टींना तर पैसाही फारसा लागत नाही. रुग्णाच्या भाषेतील छापील प्रश्नावली एकदा तयार केली की वर्षानुवर्षे चालते. गोंडी-कोरकूत ती वाचून दाखविणारी आशा कार्यकर्ती गावातच आहे, तिला त्या कामाचा वेगळा मोबदला द्यावा. संमतिपत्र बाईला समजेल अशा भाषेत नसेल तर त्यावरील सहीला अर्थ नाही, हे प्रत्येक रुग्णालयाने मानावे. आणि तपासणीच्या वेळी पाच मिनिटे तरी बाईशी एकटीशी, घरच्या माणसाला बाहेर बसवून, बोलण्याचा नियम असावा. मग ती घरची माणसे कितीही सालस असोत. आपल्या महाविद्यालयांतून दर वर्षी भाषा शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना नोकऱ्या नाहीत अशी आपण तक्रार करतो. रुग्णालयातील प्रशिक्षित दुभाषी हा त्यांच्यासाठी एक प्रतिष्ठित व्यवसाय होऊ शकेल, याचा विचार विद्यापीठांनी अद्याप केलेला दिसत नाही.

जपानकडून दरपत्रकाची शिस्त आपण जरूर शिकावी; आपल्याला तिची निकड फार आहे. मात्र ती शिकताना त्या दरपत्रकातून जी एक ओळ राहून गेली आहे, ती आपल्या दरपत्रकात आधीच लिहून ठेवावी. दवाखान्यात आलेल्या बाईला बोलता येणे आणि तिला सांगितलेले समजणे, हा उपचाराचाच भाग आहे.